दाढेखालची नस नेमकी कुठे आहे?

खालची अक्कलदाढ काढायची म्हटलं की लोक दुखण्याला घाबरत नाहीत तेवढे नसेला घाबरतात. नवी मुंबईतल्या घणसोली गावात गावठाणातल्या दवाखान्यात गाल सुजलेला पेशंट खुर्चीत टेकतो आणि पहिला प्रश्न विचारतो, “डॉक्टर, नसेला धक्का लागला तर तोंड वाकडं होईल का?” दुसरा प्रश्न घरच्या वडीलधाऱ्यांनी पढवून पाठवलेला असतो, “डोळ्याला तर काही होणार नाही ना?” या दोन्ही गोष्टी त्या नसेच्या हातात नाहीत. चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस वेगळी असते आणि ती जबड्याच्या हाडातून जातच नाही. नजरेची नस तर त्याहून वेगळी. खरा धोका तिसराच असतो आणि त्याबद्दल सहसा कोणी विचारत नाही. तो म्हणजे खालच्या ओठाचा आणि हनुवटीचा बधिरपणा.

चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे पोचवणाऱ्या मोठ्या नसेला ट्रायजेमिनल म्हणतात. तिच्या तीन शाखा होतात. एक कपाळाकडे आणि डोळ्याभोवती जाते, दुसरी वरच्या जबड्याकडे, तिसरी खालच्या. या तिसरीची एक फांदी जबड्याच्या मागच्या उभ्या भागात, जिभेच्या बाजूने, एका छिद्रातून हाडात शिरते. तिथून ती दाढांच्या मुळांखालून पुढे येते, वाटेत प्रत्येक दाताला धागे देते आणि उपदाढांच्या मुळांजवळ गालाच्या बाजूला असलेल्या दुसऱ्या छिद्रातून बाहेर पडून ओठात आणि हनुवटीत पसरते. या दोन छिद्रांमधला हाडातला रस्ता म्हणजे नसेची नळी. ती साधारण दोन-तीन मिलिमीटर रुंद असते आणि तिच्यात नसेसोबत रक्तवाहिन्याही असतात. दाताच्या आतली पोकळी साफ करायची ती रूट कॅनॉल. तिचा आणि या नळीचा गोंधळ करू नये.

खालची दाढ काढताना डॉक्टर भुलेचं इंजेक्शन तोंडात इतक्या मागे का देतात, तेही यावरून कळतं. नस हाडात शिरायच्या आधीच तिला गाठायचं असतं. मग पाच-दहा मिनिटांनी ते विचारतात, “ओठ जड झाला का?” दाढ काढायची आहे आणि विचारतात ओठाबद्दल, कारण दोघांची नस एकच. नसेला इजा झाली तर असाच जडपणा राहतो, फरक एवढाच की भुलेचा दोन-चार तासांत उतरतो आणि इजेचा उतरायला आठवडे किंवा महिने लागतात. थोड्या जणांच्या बाबतीत तो कायमचाही राहतो. चहा पिताना कपाची कड ओठाला कळत नाही, दाढी करताना कापलेलं समजत नाही, जेवताना शीत ओठाला चिकटलं तर समोरच्याने सांगावं लागतं. जिवावरचं दुखणं नव्हे, पण रोजचा ताप.

म्हणून दाढ काढण्याआधी नस कुठे आहे ते बघतात. पहिली पायरी म्हणजे तोंडात छोटा सेन्सर ठेवून काढलेला दाताचा एक्स-रे, आणि दुसरी ओपीजी. ओपीजीचं यंत्र डोक्याभोवती फिरतं आणि नालेच्या आकाराचा जबडा सरळ पसरून एका लांबट चित्रात दाखवतं. सगळे दात, दोन्हीकडचे सांधे, अक्कलदाढा कशा आडव्या पडल्यात ते एका नजरेत दिसतं. दाढांच्या मुळांखाली दोन पांढऱ्या रेघांमध्ये एक काळसर पट्टा धावताना दिसतो, ती नळी. बहुतेक पेशंटांत तो पट्टा मुळांपासून लांब असतो आणि विषय तिथेच मिटतो.

पंचाईत होते ती मुळं आणि पट्टा एकमेकांवर आल्यावर. घणसोलीच्या खाडीकाठी उभं राहून पाण्यातल्या दोन होड्या बघा. एकीमागे एक आली की त्या एकमेकींना टेकल्यासारख्या दिसतात. त्या खरंच टेकल्यात की मध्ये पन्नास हात पाणी आहे, ते एका जागी उभं राहून सांगता येत नाही. ओपीजीची अडचण अगदी हीच. शिवाय तिथे किरण थोडे खालून वर जातात, त्यामुळे जिभेच्या बाजूची वस्तू चित्रात आहे त्यापेक्षा वर सरकलेली दिसते. नळी जिभेच्या बाजूला असेल तर ती मुळावर चढल्यासारखी वाटते. चित्र प्रत्यक्षापेक्षा सुमारे वीस-तीस टक्के मोठंही असतं, आणि हे प्रमाण सगळीकडे सारखं नसतं. ओपीजीवर पट्टी लावून “नस चार मिलिमीटर लांब आहे” असं कोणी ठामपणे सांगत असेल तर ते मनावर घेऊ नये.

तरीही ओपीजी बरंच सांगून जाते, फक्त वाचता यायला हवी. १९९० साली ब्रिटनमधल्या रूड आणि शेहाब यांनी एक्स-रेवरच्या अशा खुणांचा अभ्यास मांडला. नळीवरून जाताना मूळ अचानक काळवंडलेलं दिसणं, नळीची पांढरी रेघ तुटणं, नळीने एकदम वळण घेणं किंवा अरुंद होणं, मुळाचं टोक वाकणं, अशा त्या खुणा. आजही डॉक्टर ओपीजी उजेडाकडे धरून किंवा स्क्रीनवर मोठी करून आधी हेच शोधतात. रेघ शाबूत असेल आणि मूळ काळवंडलेलं नसेल तर पुढचा स्कॅन लागत नाही. रेघ तुटलेली असेल तर मात्र प्रश्न उभा राहतो: नस मुळाच्या गालाकडच्या बाजूला आहे, जिभेकडच्या बाजूला आहे, की दोन मुळांच्या मधून जाते? याच प्रश्नासाठी सीबीसीटी असतो.

नाव लांबलचक आहे, कोन बीम कम्प्युटेड टोमोग्राफी. इस्पितळातल्या सीटी स्कॅनमध्ये किरणांचा पातळ पंखा शरीराभोवती पुन्हा पुन्हा फिरतो. इथे किरण शंकूच्या आकारात सोडतात, समोर चौकोनी सपाट डिटेक्टर असतो आणि एका फेरीत काम होतं. दातांसाठीचं असं यंत्र १९९०च्या दशकाच्या शेवटी जवळजवळ एकाच वेळी दोन देशांत आकाराला आलं. इटलीत मोत्सो आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये आपल्या यंत्राची माहिती प्रसिद्ध केली, त्याच सुमारास जपानमध्ये अराई आणि त्यांच्या चमूने. त्यामागचं गणित त्याहून जुनं. शंकूच्या आकारातल्या किरणांपासून त्रिमितीय चित्र उभं करायची व्यवहारात चालणारी रीत फेल्डकॅम्प, डेव्हिस आणि क्रेस या तिघांनी १९८४ साली मांडली. हे तिघे कुठल्या दंत महाविद्यालयात नव्हते, अमेरिकेतल्या फोर्ड मोटर कंपनीच्या संशोधन विभागात होते. मोटारीच्या कारखान्यातल्या गणिताने अक्कलदाढेचा प्रश्न सुटतो, याचं औद्योगिक पट्ट्याला लागून वसलेल्या घणसोलीकरांना तरी नवल वाटू नये.

गणित थोडक्यात असं. यंत्र डोक्याभोवती अर्धी किंवा पूर्ण फेरी मारतं, बहुतेक यंत्रांत दहा ते वीस सेकंदांत. तेवढ्यात ते दीडशे ते सहाशेपर्यंत चित्रं टिपतं. प्रत्येक चित्र म्हणजे एका कोनातून पडलेली जबड्याची सावली. कॉम्प्युटर प्रत्येक सावली ती ज्या दिशेने आली त्या दिशेने मागे पसरतो आणि सगळ्या एकमेकींवर टाकतो. जिथे हाड आहे तिथे सगळ्या सावल्या एकमताने दाट होतात, जिथे नळीची पोकळी आहे तिथे विरळ. नुसतं असं केलं तर चित्र धुरकट येतं, म्हणून मागे पसरण्याआधी प्रत्येक सावलीच्या कडा गणिताने धारदार करतात. तयार होतो तो छोट्या छोट्या ठोकळ्यांचा एक घन. या ठोकळ्याला व्हॉक्सेल म्हणतात. आठ सेंटिमीटर बाजूचा घन धरला आणि ठोकळा ०.२ मिलिमीटरचा धरला, तर एका बाजूला चारशे ठोकळे बसतात आणि घनात ६ कोटी ४० लाख. ठोकळ्याची लांबी, रुंदी, उंची सारखीच असल्याने हा घन हव्या त्या दिशेने कापता येतो आणि माप खरं येतं.

पेशंटला यातलं काही करावं लागत नाही. त्याने फक्त हलायचं नाही. आधी कानातलं, नाकातलं, गळ्यातलं, केसांतल्या पिना, कवळी आणि चष्मा उतरवून ठेवायचा. गावातल्या बायका मंगळसूत्र काढायला नाखूश असतात. पण धातूमुळे चित्रात रेघोट्या उठतात आणि कष्ट वाया जातात. मग हनुवटी आधारावर टेकवायची, पुढच्या दातांत एक काडी धरायची, कपाळ पट्ट्याने बांधलं जातं आणि चेहऱ्यावर प्रकाशाच्या रेघा पडतात. त्यावरून तंत्रज्ञ डोकं सरळ करतो. यंत्र फिरत असताना आवंढा गिळायचा नाही. आवंढा गिळताना जबडा एखादा मिलिमीटर हलतो, आणि आपण जे शोधतोय ते मुळात त्याच मापाचं आहे. कित्येक स्कॅन बिघडतात ते एवढ्याशाने. यंत्र सुरू व्हायच्या आधी थुंकी गिळून घ्यावी, जीभ टाळूला लावावी आणि श्वास हळू घेत राहावं. इंजेक्शन नाही, बोगद्यात आडवं पडणं नाही, उपास नाही.

खरं काम त्यानंतर स्क्रीनवर सुरू होतं. रेडिओलॉजिस्ट आधी जबडा वरून बघतो, म्हणजे आडवा काप घेतो, आणि त्यावर जबड्याच्या वळणाने एक वक्र रेघ ओढतो. त्या रेघेवरून सॉफ्टवेअर ओपीजीसारखं पसरट चित्र बनवतं आणि त्याच रेघेला काटकोनात, एकेका मिलिमीटरवर, उभे काप पाडतं. उभा काप म्हणजे जबड्याचा गालापासून जिभेपर्यंतचा छेद: एका बाजूला गाल, दुसऱ्या बाजूला जीभ, वर दाढ, खाली जबड्याची कड. त्यात कुठेतरी एक बारीक काळा गोल दिसतो, त्याभोवती पांढरी कड. ती नळी. हा गोल नेहमीच असा ठसठशीत सापडत नाही. कुणाच्या नळीची कड पातळ असते, कुणाची मधूनच नाहीशी होते, आणि वयस्कर, विरळ हाडात तर सगळीकडेच काळे ठिपके असतात. मग कुठला ठिपका नळीचा?

युक्ती अशी की नळी मधून शोधायची नाही, दोन टोकांकडून शोधायची. पुढे उपदाढांजवळचं छिद्र हमखास दिसतं, कारण तिथे हाडाची बाहेरची भिंत उघडलेली असते. मागे नस शिरते तिथलं छिद्रही आतल्या भिंतीवर स्पष्ट असतं. या दोन खात्रीच्या जागांवर खूण करायची आणि एकेका कापाने आत सरकत जायचं, प्रत्येक कापात गोलाच्या मध्यावर एक ठिपका टाकत. गोल हरवला तर मागच्या कापावर जायचं, पुढच्यावर जायचं, मधला आपोआप कळतो. साधारणपणे नळी मागे जिभेच्या बाजूच्या भिंतीला लगटून असते आणि पुढे येत येत गालाच्या बाजूला सरकते, हे डोक्यात ठेवलं की वाट चुकत नाही. ठिपके जोडून सॉफ्टवेअर एक रंगीत नळी काढतं, बहुतेकदा लाल किंवा नारिंगी. पेशंटला स्क्रीनवर जी लाल नस दाखवतात ती यंत्राने पकडलेली नस नव्हे. माणसाने ठिपके टाकून काढलेली रेघ आहे. सीबीसीटीला नस दिसतच नाही, तिच्याभोवतीचं हाड दिसतं. आता काही सॉफ्टवेअर ही रेघ आपली आपण काढतात, पण ती कापाकापाने तपासून घ्यावीच लागते.

काही जणांत नळी मधेच दुभंगते. काहींत ती उपदाढांजवळच्या छिद्राच्याही थोडी पुढे जाऊन परत मागे वळते आणि मग बाहेर पडते. हे वळण ओपीजीत बहुधा कळत नाही आणि नेमकं तिथेच इम्प्लांट, म्हणजे नव्या दातासाठी हाडात घालायचा स्क्रू, बसवायचा असेल तर घात होतो.

स्कॅनच्या रिपोर्टमध्ये अक्कलदाढेसाठी तीन गोष्टी यायला हव्यात. नळी मुळाच्या कुठल्या बाजूला आहे. दोघांमध्ये हाडाचा पडदा शिल्लक आहे की मूळ थेट नळीला टेकलंय. आणि अंतर किंवा टेकलेल्या भागाची लांबी, मिलिमीटरमध्ये. सर्जनच्या हातात या तीन गोष्टी आल्या की दाढ कशी काढायची ते ठरतं. नळी गालाच्या बाजूला असेल तर त्या बाजूचं हाड किती खोल कोरायचं त्याला मर्यादा पडते. जिभेच्या बाजूला टेकलेली असेल तर मूळ तिकडे दाबलं जाणार नाही अशा बेताने दाढेचे तुकडे करून ती काढावी लागते. नळी दोन मुळांच्या मधून गेलेली असेल तर मुळं आधी वेगळी करावी लागतात. आणि धोका फारच दिसला तर दाढेचं फक्त डोकं कापून काढतात, मुळं हाडातच ठेवतात आणि वर टाके घालतात. याला कोरोनेक्टमी म्हणतात. “मूळ आत ठेवलं म्हणजे अर्धवट काम केलं” अशी कुरकुर घरी होते. पण मुळाला जंतुसंसर्ग नसेल आणि ते हललेलं नसेल, तर ही मान्य पद्धत आहे. पुढे काही महिन्यांत ती मुळं थोडी वर सरकली आणि त्रास देऊ लागली, तर तोपर्यंत ती नसेपासून दूर आलेली असतात.

या सगळ्यावरून स्कॅन केला म्हणजे नस वाचलीच, असा अर्थ काढू नये. ओपीजीवर काढलेल्या दाढा आणि सीबीसीटी बघून काढलेल्या दाढा यांची तुलना करणारे अभ्यास झाले आहेत आणि त्यांत नसेच्या इजेचं प्रमाण ठळकपणे कमी झालेलं दिसलं नाही. दंत-रेडिओलॉजीच्या युरोपीय अकादमीने २०१९ मध्ये अक्कलदाढेसाठी सीबीसीटी सरसकट करू नये, ओपीजीने न सुटलेला आणि उपचार बदलू शकेल असा ठोस प्रश्न असेल तरच करावा, असं सांगितलं. मला ही भूमिका पटते. प्रश्न नसताना केलेला स्कॅन म्हणजे पैसे आणि किरण दोन्ही फुकट. उलट रेघ तुटलेली दिसत असताना “काढून टाकू, काही होत नाही” म्हणणंही तितकंच चूक. आणि एक नस स्कॅनमध्ये कधीच सापडत नाही: जिभेची. ती अक्कलदाढेच्या आतल्या बाजूने हिरडीखालून जाते, हाडात नळी करून नाही. तिच्यासाठी सर्जनचा हात हाच भरवसा.

अक्कलदाढेपेक्षा सीबीसीटीचा उपयोग मला जास्त निर्विवाद वाटतो तो इम्प्लांटसाठी. गावात साठी ओलांडलेल्या बऱ्याच जणांच्या खालच्या दाढा कधीच गेलेल्या असतात, मशेरीने म्हणा, हिरड्यांच्या आजाराने म्हणा. दाढ गेली की तिथलं हाड वर्षानुवर्षं झिजत खाली जातं. नळी मात्र जागच्या जागी राहते, म्हणजे हाडाच्या वरच्या कडेपासून तिचं अंतर कमी कमी होत जातं. काही आजींच्या जबड्यात उपदाढांजवळचं छिद्र चक्क वरच्या कडेवर येतं. मग कवळी घालून भाकरी चावली की ओठात वीज चमकते, आणि त्या बिचाऱ्या कवळी डब्यात ठेवून देतात. अशा जागी स्क्रू बसवायचा तर हाड किती उंच, किती रुंद आणि खाली नळी कुठे, हे मिलिमीटरमध्ये कळल्याशिवाय ड्रिल लावू नये. इम्प्लांटचं टोक आणि नळी यांच्यात निदान दोन मिलिमीटर हाड सोडायचं, हा सर्वमान्य नियम. त्यात ड्रिलचं अणकुचीदार टोक लिहिलेल्या लांबीपेक्षा थोडं जास्त खोल जातं, तेही धरावं लागतं.

किरणांचं काय? ओपीजीत साधारण दहा ते पंचवीस मायक्रोसिव्हर्ट किरणमात्रा मिळते. लहान क्षेत्राच्या सीबीसीटीत सहसा शंभरपर्यंत, क्षेत्र मोठं घेतलं तर त्याहून जास्त. तुलनेसाठी, माती, आकाश आणि अन्न यांतून माणसाला नैसर्गिकरीत्या जगभरात सरासरी वर्षाला २,४०० मायक्रोसिव्हर्ट मिळतात. म्हणजे एका दाढेपुरता स्कॅन हा आठवड्या-दोन आठवड्यांच्या नैसर्गिक मात्रेएवढा. घाबरण्याजोगा नाही, पण हौसेने करण्याजोगाही नाही. एका अक्कलदाढेसाठी पाच बाय पाच सेंटिमीटरचं क्षेत्र पुरतं, अख्खी कवटी घ्यायची गरज नसते. लहान मुलांच्या बाबतीत हात आणखी आखडता हवा, आणि दिवस गेले असतील तर ते आधीच सांगावं.

हे यंत्र चालवायला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. हे मंडळ १९८३ मध्ये स्थापन झालं आणि त्याचं मुख्यालय घणसोलीसमोरच्या खाडीच्या पलीकडे, अणुशक्तीनगरात आहे. स्कॅन सेंटरमध्ये परवाना कुठे आहे असं विचारणं हा पेशंटचा हक्क आहे, उद्धटपणा नव्हे.

गावठाणातल्या एका खुर्चीच्या दवाखान्यात सीबीसीटी सहसा नसतो, डॉक्टर चिठ्ठी देऊन बाहेर पाठवतात. पर्याय दोन: खासगी स्कॅन सेंटर किंवा दंत महाविद्यालय. घणसोली स्टेशनवरून ट्रान्स-हार्बरची गाडी थेट नेरूळला जाते आणि नेरूळमध्ये डी. वाय. पाटील आणि तेरणा ही दोन दंत महाविद्यालयं आहेत. महाविद्यालयात तोंडाच्या रेडिओलॉजीचा वेगळा विभाग असतो. जाण्याआधी फोन करून सीबीसीटीची वेळ आणि खर्च विचारून घ्यावा. चिठ्ठीवर नुसतं “सीबीसीटी” लिहिलेलं असेल तर डॉक्टरांना म्हणावं, “कुठली दाढ आणि काय बघायचंय तेही लिहून द्या.” त्यावरून सेंटरवाले क्षेत्र लहान ठेवतात आणि रिपोर्टही मुद्द्याचा येतो.

स्कॅन झाल्यावर नुसते छापील फोटो घेऊन घरी येऊ नका. मूळ फाइल, जिला डायकॉम म्हणतात, ती सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर मागून घ्या आणि जपून ठेवा. फोटोत रेडिओलॉजिस्टने निवडलेले मोजके काप असतात. फाइलमध्ये अख्खा घन असतो. उद्या दुसऱ्या सर्जनकडे जायची वेळ आली तर तो त्याच फाइलवरून नळी स्वतः शोधू शकतो, आणि पुन्हा स्कॅन करावा लागत नाही.